ओढणे सोपे, आवरणे अवघड!

प्रतिनिधी, जोगेश्वरी

शनिवारी पहाटे पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याकडे वळणाऱ्या वाहनांकडे पाहिले, की मुंबईकरांच्या सुटीच्या कल्पना किती बदलल्या आहेत याचा अंदाज येतो. टपावर सामान बांधलेल्या उंच एसयूव्ही पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पुढे खाडीपूल ओलांडून पुण्याच्या किंवा कोकणाच्या वाटेला लागलेल्या असतात. त्यांच्याच शेजारून न्हावाशेव्याच्या दिशेने जाणारे कंटेनरचे लांबलचक ट्रेलर संथपणे सरकत असतात. या दोन दृश्यांची सांगड घालणारी एक हौस आता मूळ धरू लागली आहे. आपल्याच मोटारीला मागे छोटेसे चाकांवरचे घर, म्हणजे कॅराव्हॅन किंवा कॅम्पर ट्रेलर, जोडून सहकुटुंब भटकंतीला निघण्याची!

परदेशी वाहिन्यांवर आणि नातेवाइकांच्या छायाचित्रांत हे दृश्य फार सुंदर दिसते. गाडी दणकट आहे, इंजिन सहा सिलिंडरचे आहे, मग दीड-दोन टनांचा ट्रेलर ओढायला अडचण ती कसली, असा सरळ हिशेब मांडला जातो. नेमका तिथेच घोटाळा होतो. मोटार ट्रेलर ओढू शकते की नाही, हा या विषयातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. तो ट्रेलर तिला थांबवता येतो का, सरळ रेषेत ठेवता येतो का आणि अपघात झालाच तर कागदपत्रे आपल्या बाजूने उभी राहतात का, हे खरे प्रश्न आहेत.

घर चाकांवरचे, प्रकार दोन

कॅराव्हॅन या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी वाहने येतात. एकात इंजिन, चालकाची जागा आणि घर एकाच सांगाड्यावर असते. बसच्या किंवा व्हॅनच्या चॅसिसवर बांधलेली अशी वाहने भारतात जास्त दिसतात. दुसऱ्या प्रकारात घराला स्वतःचे इंजिन नसते. ते मोटारीच्या मागे जोडावे लागते आणि मुक्कामी पोहोचल्यावर सोडवून ठेवता येते. मोटार मग गावात फिरायला मोकळी राहते, हा त्याचा मोठा फायदा.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, तेव्हा या दुसऱ्या प्रकाराचाही विचार केला होता. एक आसाच्या व दोन आसांच्या कॅराव्हॅनबरोबरच तंबूचा ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर यांचा त्यात समावेश आहे. अशा वाहनांना थांबण्यासाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह व सांडपाण्याची सोय असलेली कॅराव्हॅन पार्क उभी राहावीत, ही त्यामागची कल्पना. कोकणचा किनारा, सह्याद्रीचे घाटमाथे आणि अभयारण्यांचा परिसर पाहता कल्पना उत्तमच आहे. मात्र मुक्कामाच्या जागेपर्यंत ट्रेलर सुखरूप नेण्याचे शास्त्र वाहनमालकाला स्वतःच शिकून घ्यावे लागते.

आपल्याकडे रस्त्यावरचा रूढ शब्द ‘टोचन’. बंद पडलेली गाडी दोराने किंवा साखळीने दुसऱ्या गाडीला बांधून जवळच्या गॅरेजपर्यंत हळूहळू नेली, की टोचन झाले. पण शेकडो किलोमीटर, महामार्गाच्या वेगाने, घाट उतरत ट्रेलर नेणे हे टोचन नव्हे. त्याचे यंत्रशास्त्रही वेगळे आणि कायदाही वेगळा.

सहा सिलिंडरचे आकर्षण

सहा सिलिंडरच्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीची ख्याती प्रामुख्याने अमेरिकेतून आली. तिथे होंडा पायलट, टोयोटा हायलँडर (२०२२ पर्यंतची), जीप ग्रँड चेरोकी अशा गाड्यांना व्ही-६ पेट्रोल इंजिने मिळाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी त्यांच्यामागे बोटी, सामानाचे ट्रेलर व कॅराव्हॅन जोडल्या. भारतात अशा गाड्या नेहमीच मोजक्या राहिल्या. मारुतीने २००३ मध्ये आयात करून विकायला आणलेल्या ग्रँड व्हिटारा एक्सएल-७ मध्ये व्ही-६ इंजिन होते. पण महागडे पेट्रोल आणि मोठ्या इंजिनावरचा कर यांमुळे तो प्रकार आपल्याकडे रुजला नाही. सहा सिलिंडर ही आता बहुतांशी महागड्या परदेशी गाड्यांची मिरासदारी आहे.

म्हणून भारतीय ग्राहकाचे फार बिघडले आहे, असे मात्र नाही. वजन ओढताना सिलिंडरांची संख्या नव्हे, तर कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा पीळ, उपयोगी पडतो. हायलँडरचे साडेतीन लिटरचे व्ही-६ पेट्रोल इंजिन सुमारे ३५७ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि तोही फेऱ्या मिनिटाला साडेचार हजारांच्या पुढे गेल्यावर. आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या फॉर्च्युनरचे २.८ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ५०० न्यूटन-मीटर देते आणि त्यासाठी त्याला दोन हजार फेऱ्याही पुरतात. चढावर ट्रेलर ओढताना कोणते इंजिन कमी धापा टाकेल, हे यावरून उघड आहे. सहा सिलिंडरचा लाभ आहे तो मुख्यतः सुरळीतपणाचा.

इंजिन हीच ओढण्याच्या क्षमतेची मर्यादा नसते, याचा आणखी स्पष्ट पुरावा होंडा पायलटच देते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या गाडीच्या चारचाकी चालनाच्या आवृत्तीला कंपनीने ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो ओढण्याची मुभा दिली आहे. दोनचाकी चालनाच्या आवृत्तीला ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो. व्ही-६ इंजिन दोन्हींत तेच! म्हणजे क्षमता ठरते ती गिअरबॉक्स थंड ठेवण्याची सोय, चाकांची पकड, मागचे सस्पेन्शन, सांगाड्याची ताकद आणि ब्रेक या सगळ्यांतल्या सर्वांत दुबळ्या घटकावर.

कंपनीचा आकडा येतो कुठून?

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा जाहीर करत असे आणि स्पर्धेत तो फुगत जाई. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये त्यासाठी ‘जे २८०७’ नावाचे प्रमाणित मापदंड प्रसिद्ध केले. त्यातील एक कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या चढावर बेतलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा, सरासरी पाच टक्के चढाचा हा रस्ता कडक उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह चढून जायचा. एसयूव्हीचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये आणि काहीही तापून बंद पडता कामा नये. याखेरीज ब्रेक, वळणे आणि उतारावरची स्थिरता यांच्याही चाचण्या असतात.

या चाचणीतील एक बारकावा प्रत्येक कुटुंबप्रमुखाने लक्षात ठेवावा असा आहे. चाचणीच्या वेळी गाडीत गृहीत धरली जातात ती फक्त दोन माणसे, प्रत्येकी सुमारे ६८ किलोंची. आजी-आजोबा, दोन मुले, बर्फाची पेटी, शेगडी आणि चार बॅगा त्या आकड्यात धरलेल्या नसतात.

दुसरा बारकावा देशाचा. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या २.८ लिटरच्या फॉर्च्युनरला २०२० नंतर ३,१०० किलोंपर्यंत ट्रेलर ओढण्याची मान्यता मिळाली. हा आकडा पाहून इथल्या गाडीलाही तेवढेच जमेल, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. कारण मान्यता त्या देशात विकलेल्या गाडीला, तिथल्या जोडणीला आणि तिथल्या नियमांना धरून असते. शिवाय त्याच पत्रकात दुसरा आकडाही असतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर मर्यादा फक्त ७५० किलो! तीच गाडी, तेच इंजिन. पण ब्रेक नसले की क्षमता एक-चतुर्थांशाहूनही कमी. सगळ्या विषयाचे सार या दोन आकड्यांत आहे.

आपला आकडा आपणच काढावा

समजा, एका मध्यम आकाराच्या एसयूव्हीचे रिकामे वजन २,००० किलो आहे. सामान व माणसांसह गाडीचे कमाल अनुमत वजन २,७०० किलो आणि गाडी व ट्रेलर मिळून कमाल वजन ४,३०० किलो आहे. जाहिरातीत ट्रेलरसाठी २,१५० किलोंची क्षमता सांगितली आहे.

आता पाच जणांचे कुटुंब ३४० किलो, सामान १६० किलो आणि जोडणीचा लोखंडी दांडा वगैरे ३० किलो धरू. गाडी झाली २,५३० किलोंची. एकत्रित मर्यादेतून हे वजन वजा केले, की ट्रेलरसाठी उरतात १,७७० किलो. पण हिशेब इथे संपत नाही. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीवरच, पडतो. गाडीच्या स्वतःच्या मर्यादेत आता १७० किलोच शिल्लक आहेत. हा भार ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्के धरला, तर ट्रेलर १,७०० किलोंहून जड असून चालणार नाही. दोन मर्यादांपैकी जी लहान, तीच खरी. जाहिरातीतले २,१५० किलो प्रत्यक्षात १,७०० वर आले ते असे.

ट्रेलरचेही तसेच. रिकामा १,२५० किलोंचा ट्रेलर घेतला. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो, गॅस व बॅटरीचे ८०, गाद्या, भांडी व शिध्याचे १२०. झाले १,५५० किलो. मर्यादेच्या आत, पण फार दूर नाही. टाकी मुक्कामी पोहोचल्यावर भरली, तर शंभर किलो सहज वाचतात.

कागदावरचा हा हिशेब ट्रक तोलण्याच्या वजनकाट्यावर पडताळून पाहता येतो. प्रवासाच्या सगळ्या सामानासह आधी फक्त गाडी तोलावी. मग ट्रेलर जोडून गाडीची चारच चाके काट्यावर घ्यावीत. दोन वजनांतला फरक म्हणजे जोडणीवर पडणारा भार. शेवटी गाडी व ट्रेलर दोन्ही मिळून तोलावे. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचे बरेच अनर्थ टळतात.

बैलगाडीचा धडा

जोडणीवर भार पडू नये, म्हणजे गाडीला त्रास कमी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते घातक आहे. गावाकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे उपजतच ठाऊक असते. ओझे मागे जास्त झाले, की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलली जाते आणि बैलांचा गाडीवरचा ताबा सुटतो. ओझे फारच पुढे आले, तर बैलांच्या मानेवर भार येतो. म्हणून धुरेवर बेताचा भार ठेवूनच गाडी भरायची.

ट्रेलरचा नियम तोच आहे. अमेरिकेत जोडणीवर ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असावा, असे सांगतात. युरोपातील हलक्या कॅराव्हॅनसाठी हे प्रमाण कमी असते. सामान आसाच्या मागे साचले, तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. शेजारून भरधाव बस किंवा कंटेनर गेला, की हवेचा झोत ट्रेलरला आधी ढकलतो आणि मग ओढून घेतो. वेग कमी असेल, तर हे डोलणे आपोआप विरते. ठरावीक वेगाच्या पुढे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि काही सेकंदांत ट्रेलर मोटारीला फिरवून टाकतो.

असे झाले, तर चालकाची सहजप्रवृत्ती दोन चुका करायला लावते. एक म्हणजे जोरात ब्रेक दाबणे आणि दुसरी म्हणजे स्टिअरिंग उलटसुलट फिरवून ट्रेलरला सावरू पाहणे. योग्य उपाय साधा आहे. स्टिअरिंग सरळ घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. ट्रेलरचे ब्रेक चालकाच्या हाताशी वेगळे चालवण्याची सोय असेल, तर फक्त तेच हळुवार लावावेत. त्यानंतर थांबून सामानाची मांडणी बदलावी. त्याच मांडणीने पुढे जाणे म्हणजे तोच प्रसंग पुन्हा ओढवून घेणे.

घाटाचा हिशेब

मुंबईकराच्या जवळपास प्रत्येक सहलीत घाट येतोच. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत बोरघाट सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढतो. चढताना इंजिनाची परीक्षा होते. त्रास झाला तर गाडी तापते, वेग मंदावतो, बाजूला घेऊन थांबता येते. उतरताना परीक्षा ब्रेकची असते आणि तिथे चुकीला क्षमा नसते.

वरच्या उदाहरणातील गाडी व ट्रेलर मिळून ४,०८० किलो वजन साडेपाचशे मीटर खाली आणताना सुमारे सहा युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन किलोवॅटचा घरगुती गिझर तीन तास चालवल्यावर जेवढी उष्णता तयार होईल, तेवढी ही उष्णता. एकट्या गाडीसाठी हाच आकडा चार युनिटांच्या आत असतो. हवेचा रोध, चाकांचे घर्षण आणि इंजिन यांत तिचा काही भाग जातो. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या तबकड्यांत साठते, तीही पाव-अर्ध्या तासात. तबकड्या व पॅड अतिशय तापले, की पकड कमी होते. तेल उकळू लागले, तर पेडल मऊ पडून थेट खाली जाते. बोरघाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांचे अपघात मुंबईकरांना नवे नाहीत. ट्रेलर जोडल्याने आपली मोटारही त्या वाहनांच्या पंक्तीला जाऊन बसते, हे ओळखले पाहिजे.

म्हणूनच अनुभवी ट्रकचालकाचा जुना नियम इथेही लागू पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर घ्यावा. ऑटोमॅटिक गाडीतही ही सोय असते. ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि मग सोडावा, म्हणजे तबकड्यांना निवायला अवधी मिळतो. पेट्रोल वा डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे तर निव्वळ आत्मघात.

वेगाचा हिशेबही ध्यानात असू द्यावा. थांबण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास वेग पाव पटीने वाढतो, पण ही ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पकड आणखी घटते.

ट्रेलरला हवेत स्वतःचे ब्रेक

युरोपात ७५० किलोंहून अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात मोटारीचा वेग कमी झाला, की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्या रेट्यानेच दांड्यातील यंत्रणा दाबली जाऊन त्याचे ब्रेक लागतात. युरोपात हाच प्रकार रूढ आहे. दुसऱ्यात ट्रेलरच्या चाकांत विद्युतचुंबकीय ब्रेक असतात आणि मोटारीत बसवलेला नियंत्रक त्यांना वीज पुरवतो. अमेरिका व ऑस्ट्रेलियात हा प्रकार जास्त आहे.

जोडणी तुटलीच, तर ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून दोन सुरक्षा-साखळ्या दांड्याखाली फुलीच्या आकारात बांधतात. त्याशिवाय एक पातळ तारही असते. ट्रेलर निसटला, की ती ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावते. ब्रेकचे दिवे, इंडिकेटर आणि मागचे दिवे यांची वायरिंग मोटारीशी जोडलेली असावी लागते. स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी दांडा वेल्डिंग करून घेणे स्वस्त पडते खरे. पण गाडीच्या सांगाड्यावर तो कुठे व किती जाडीच्या बोल्टने बसावा, हे कंपनीच्या मोजमापावर ठरते. अनेक आधुनिक एसयूव्हींना ट्रकसारखा स्वतंत्र सांगाडा नसतो. चुकीच्या जागी लावलेला दांडा मागचा पत्राच ओढून काढू शकतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे ‘मोटार वाहन’च आहे. त्याला इंजिन नाही, म्हणून नोंदणी नको, हा समज साफ चुकीचा आहे. कायद्याच्या कलम २ मधील व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. त्यामुळे कलम ३९ नुसार नोंदणी आणि कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा त्यालाही लागू होतो. कलम ६१ तर खास ट्रेलरसाठीच आहे. ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो त्याच्या बाजूवर लावावा लागतो; शिवाय त्याला ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे.

वजनानुसार ट्रेलरचे ‘टी-१’ ते ‘टी-४’ असे वर्ग आहेत. ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर टी-१ मध्ये, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंतचा टी-२ मध्ये मोडतो. कुटुंबाच्या कॅराव्हॅन बहुधा या दोन वर्गांतच बसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार उत्पादकाला आपल्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यातील ‘एआरएआय’ ही त्यांपैकी एक. विकत घेण्यापूर्वी उत्पादकाकडे या मान्यतेचे प्रमाणपत्र मागावे. ते नसेल, तर नोंदणी अडेल आणि नोंदणीशिवाय ट्रेलर रस्त्यावर आणणे हाच गुन्हा ठरेल.

कलम ५२ मोटारीतील फेरफारांविषयी आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे दांडा बसवण्याआधीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करून उत्तर लेखी घेतलेले बरे. जोगेश्वरीकरांसाठी ते अंधेरीचे कार्यालय, म्हणजे ‘एमएच-०२’. परवान्याबाबत बोलायचे, तर हलक्या मोटार वाहनाची मर्यादा साडेसात टनांची आहे. ट्रॅक्टरला ट्रेलर जोडल्याने ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना निष्प्रभ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका प्रकरणात म्हटले होते. तो निकाल ट्रॅक्टरबाबतचा होता, हे मात्र विसरू नये.

सर्वांत महत्त्वाची विमा कंपनी. मोटारीच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख करून घ्यावा, ट्रेलरचा स्वतंत्र विमा काढावा आणि वाहन उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढण्याविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. पुस्तिकेत मनाई असेल, तर गिअरबॉक्स जळाल्यावर वॉरंटीचा आधार उरत नाही आणि अपघातानंतर भरपाईचा दावा वादात सापडू शकतो. घाटात निसटलेल्या ट्रेलरने दुसऱ्याच्या गाडीचा चुराडा केला, तर त्या भरपाईपुढे कॅराव्हॅनची किंमत किरकोळ वाटेल.

परदेशी मुलाबाळांकडे जाताना

उपनगरांतील अनेक कुटुंबांतील मुले आज कॅलिफोर्नियात किंवा इंग्लंडमध्ये आहेत. उन्हाळ्यात तिकडे गेलेल्या आईवडिलांना कॅराव्हॅनची सफर घडवण्याचा बेत हमखास होतो. तिथे सोयी आहेत, तसे नियमही कडक आहेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरचीच मर्यादा आहे, मग रस्त्यावर इतरांना कितीही मुभा असो. ब्रिटनमध्ये मोटरवेवर मोटारीला ताशी ७० मैलांची परवानगी असते. मागे ट्रेलर असला, की ती ६० वर येते. तिथे १९९७ नंतर परवाना मिळवलेल्यांना मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. भाड्याने घेतलेल्या मोटारीला ट्रेलर जोडण्यास मात्र बहुतेक कंपन्यांची मनाई असते. करारपत्र वाचल्याशिवाय असा बेत आखू नये.

आधी मैदान, मग महामार्ग

एवढे सगळे जुळून आल्यावरही एक अडचण जोगेश्वरीत राहतेच. ट्रेलर ठेवायचा कुठे? सोसायटीच्या आवारात दोन मोटारींची जागा मिळणे कठीण, तिथे पाच-सहा मीटरच्या कॅराव्हॅनला जागा देणारी सोसायटी विरळाच. पूर्वेकडील गुंफांच्या परिसरातील चिंचोळ्या रस्त्यांवर किंवा स्वामी विवेकानंद मार्गावरच्या गर्दीत ट्रेलर वळवणे हीसुद्धा कसोटी आहे. वळताना ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि पदपथाची कड किंवा कोपऱ्यावर उभा असलेला पादचारी त्यांच्या वाटेत येतो. मागे घेताना तर स्टिअरिंगचा सगळा हिशेब उलटा होतो. ट्रेलर डावीकडे न्यायचा, तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. हे वाचून येत नाही. रिकाम्या मैदानात रिकामा ट्रेलर घेऊन तासन् तास सराव केल्यावरच हात बसतो.

म्हणून नवख्याने पहिली सहल छोटी आणि सपाट रस्त्याची ठेवावी. शक्य असेल तिथे ट्रेलर भाड्याने घेऊन पाहावा आणि हौस टिकते का, ते आधी जोखावे. निघताना जोडणीची खिट्टी, साखळ्या, दिवे आणि टायरमधील हवा तपासावी. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून हीच तपासणी पुन्हा करावी. पुढच्या वाहनापासून एरवी ठेवतो त्याच्या निदान दुप्पट अंतर ठेवावे. आपल्याकडे असे अंतर ठेवले, की कोणीतरी मध्ये घुसतोच. तो घुसला, तर आपण पुन्हा मागे राहावे.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरचा कंटेनर ट्रेलरचा चालक संथ जातो, म्हणून मागचे मोटारचालक हॉर्न वाजवत चिडचिड करतात. त्याच्यामागे किती वजन आहे आणि ते थांबवायला किती रस्ता लागतो, हे त्याला ठाऊक असते. सहा सिलिंडरच्या मोटारीला सुटीचे घर जोडून निघणाऱ्याने इंजिनाचा आकडा तोंडपाठ करण्याआधी त्या चालकाचा संथपणा अंगी बाणवावा.